गिटारवरचे स्लर: डाव्या हाताचा स्वर दुबळा का पडतो आणि तो कसा सुधारायचा?

गिटारवर एक स्वर उजव्या हाताने छेडायचा आणि त्याच तारेवरचा पुढचा स्वर उजवा हात न लावता, फक्त डाव्या हाताच्या बोटाने काढायचा, याला स्लर म्हणतात. बोट तारेवर पाडून वरचा स्वर काढला की तो चढता स्लर. दाबलेलं बोट तार ओढून सोडतं आणि खालचा स्वर वाजतो, तो उतरता स्लर. फिल्मी गाणी किंवा रॉक वाजवणारी मुलं यांनाच हॅमर-ऑन आणि पुल-ऑफ म्हणतात. क्लासिकल गिटारच्या पुस्तकांत लिगाडो हा स्पॅनिश शब्दही दिसतो. त्याचा अर्थ 'जोडलेलं'.

स्वरलिपीत स्लर दाखवायला दोन वेगळ्या स्वरांवर कमान काढलेली असते. तशीच कमान एकाच स्वराच्या दोन खुणांवर असेल, तर तो स्लर नसून 'टाय' असतो. तिथे दुसरा स्वर वाजवायचाच नसतो, पहिलाच लांबवायचा असतो. नव्याने स्वरलिपी वाचणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो.

यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेड अशा गावांत क्लासिकल गिटार शिकायची इच्छा झालेली मुलं बहुतेक वेळा मोबाइलच्या व्हिडिओपासूनच सुरुवात करतात. नियमित शिकवणीसाठी नागपूर-अमरावतीला जाणं सगळ्यांना जमत नाही. व्हिडिओत बोट कुठे पडतं ते दिसतं, पण किती जोराने पडतं आणि कोणत्या दिशेने सुटतं ते कळत नाही. मग स्लर वाजला नाही की मुलं एकच उपाय करतात, तो म्हणजे आणखी जोर लावतात. आवाज तेवढ्यापुरता वाढतो, लय बिघडते आणि काही आठवड्यांनी अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटात दुखू लागतं. स्लरबद्दल आधी हे समजून घ्यायला हवं, की तो जोरावर चालत नाही. बोटाचा वेग, पडण्याची जागा आणि सुटण्याची दिशा या तीन गोष्टींवर तो चालतो.

सतारीवर हे सगळं आधीपासून आहे

स्लर ही परकी गोष्ट वाटत असली तरी सतार ऐकणाऱ्याला ती चांगलीच ओळखीची आहे. सतारीवर एका आघातानंतर डाव्या हाताचं बोट पुढच्या पडद्यावर पाडून स्वर काढतात, ते पुन्हापुन्हा झटपट केलं की त्याला जमजमा म्हणतात. बोटाने तार ओढून खालचा स्वर काढतात, ते कृंतन. म्हणजे चढता स्लर हा जमजम्याचा भाऊ आणि उतरता स्लर हा कृंतनाचा.

या कामाला वादनाच्या मध्यभागी आणणारे सतारिये मुंबईतच होते. उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांचा जन्म १९२७ साली मध्य प्रदेशातल्या जावऱ्याचा, पण कारकीर्द मुंबईची. २०१७ मध्ये त्यांचं निधनही मुंबईतच झालं. त्यांच्या शैलीला जाफरखानी बाज म्हणतात. उजव्या हाताचे आघात कमी आणि एका आघातावर डाव्या हाताने काढलेले स्वर जास्त, ही या बाजाची ओळख. 'कोहिनूर' (१९६०) या चित्रपटातली सतार त्यांची आहे, त्यामुळे ती बहुतेकांनी नकळत ऐकलेली असते. १९५८ मध्ये अमेरिकन जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेक आणि १९६३ मध्ये इंग्लंडचे क्लासिकल गिटारवादक ज्युलियन ब्रीम यांच्याबरोबरही त्यांनी वादन केलं. पुढे त्यांना पद्मश्री (१९७०) आणि पद्मभूषण (२००६) मिळाले.

सतारीची ही आठवण गिटार शिकणाऱ्याच्या दोन प्रकारे कामी येते. एक तर कान तयार असतो. छेडलेला स्वर आणि त्याला जोडून आलेला स्वर यांतला फरक आपल्याला लगेच ऐकू येतो. दुसरं म्हणजे कुठे सावध राहायचं तेही कळतं. सतारीवर तार आडवी ओढून मींड काढतात, त्यामुळे तार थोडी सरकली तरी ते वावगं वाटत नाही. क्लासिकल गिटारवर मात्र स्लर घेताना तार आडवी सरकली की स्वर चढतो आणि बेसूर लागतो. शिवाय सतारीच्या पडद्यांवर मुख्य काम तर्जनी आणि मधल्या बोटाचं असतं. गिटारला चारही बोटं लागतात, अनामिका आणि करंगळीसुद्धा. सगळ्यात जास्त अडचण तिथेच येते.

आपल्याकडच्या जुन्या ऑर्केस्ट्रांमध्ये आणि फिल्मी वाद्यवृंदांत 'गिटार' म्हणून जी वाजायची, ती बरेचदा हवाइयन गिटार असायची. ती आडवी ठेवून डाव्या हातातल्या लोखंडी सळईने वाजवतात. तिच्यात स्लरचा हा प्रकार नाही, त्यामुळे घरातल्या थोरल्यांनी 'आम्हीही गिटार वाजवायचो' म्हणून दिलेला सल्ला इथे लागू पडेलच असं नाही.

चढता स्लर: बोट दाबू नका, पाडा

तार छेडली की ती हलत असते. वरच्या फ्रेटवर बोट पडलं की हलणाऱ्या तारेची लांबी एकदम कमी होते आणि स्वर चढतो. बोट हळू टेकलं तर ते आधी तारेचं हलणं थांबवतं आणि मग तार फ्रेटला लागते. अशा वेळी फक्त 'टक' असा आवाज येतो. म्हणून बोट वेगाने पडायला हवं. वेग आणि जोर या वेगळ्या गोष्टी आहेत. तबल्यावर बोट पडतं तसं ते पडावं, झटकन आणि नेमकं. फरक एवढाच, की तबल्यावर बोट लगेच उचलतात आणि गिटारवर ते तिथेच ठेवायचं असतं, नाहीतर स्वर तुटतो.

जागेचं महत्त्व तर त्याहून जास्त. बोटाचं टोक फ्रेटच्या पट्टीला अगदी लागून, तिच्या मागे पडावं. दोन पट्ट्यांच्या मधोमध पडलं तर दुप्पट ताकद लावूनही स्वर फुटका येतो. पडताना बोटाचं पेर वाकलेलं असावं आणि तारेला टोकाने स्पर्श व्हावा, गादीने नव्हे. डाव्या हाताची नखं त्यासाठी अगदी बारीक कापलेली हवीत.

हालचाल बोट तळव्याला जोडलं जातं त्या सांध्यातून व्हावी. बरेच जण मनगट फिरवून सगळा हातच तारेवर आपटतात. एक-दोन स्वरांना ते चालून जातं, पण ओळीने आठ स्लर आले की हात जड होतो. बोट फार वर उचलायचीही गरज नसते. एक-दीड सेंटिमीटरवरून पडलेलं बोट पुरेसा आवाज देतं. जास्त उंचीवरून आणलेलं बोट उशिरा पोचतं आणि जागाही चुकवतं.

बोट पडल्यावर काय करायचं, हे शिकवणीत फार कमी वेळा सांगितलं जातं. तार फ्रेटला टेकल्यावर दाब लगेच सैल करून स्वर टिकेल एवढाच ठेवायचा. चिमूट घट्टच राहिली तर पुढच्या स्लरसाठी बोट मोकळं होत नाही.

उतरता स्लर: बोट उचलायचं नसतं

उतरत्या स्लरमधली मोठी चूक त्याच्या कल्पनेतच असते. वरचं बोट काढलं की खालचा स्वर वाजेल असं वाटतं. पण बोट सरळ वर उचललं तर तार जेमतेम हलते. खरं तर इथे डाव्या हाताचं बोटच तार छेडत असतं. बोंडातून कापूस ओढताना बोटाचं टोक जसं तळव्याकडे वळतं, तसं इथेही वळायला हवं. हालचाल फिंगरबोर्डला समांतर, जमिनीच्या दिशेने आणि अगदी छोटी.

त्याआधी खालच्या स्वराचं बोट जागेवर पक्कं बसलेलं हवं. समजा सातव्या फ्रेटवरून पाचव्यावर उतरायचं आहे. तार छेडण्याआधीच पाचव्यावर तर्जनी आणि सातव्यावर अनामिका, दोन्ही ठेवलेली असावीत. अनामिका तार खाली ओढते, तेव्हा तर्जनीने तार जागची हलू द्यायची नाही. तर्जनी सैल असेल तर सगळी तारच ओढली जाते आणि स्वर क्षणभर चढून मग खाली येतो. कानाला तो ओरखड्यासारखा लागतो. उतरता स्लर नीट येत नसेल तर बरेचदा दोष ओढणाऱ्या बोटाचा नसून थांबलेल्या बोटाचा असतो.

ओढलेलं बोट कुठे जातं, यावरून दोन पद्धती आहेत. एकीत बोट शेजारच्या खालच्या तारेवर जाऊन टेकतं. ही शिकायला सोपी, आवाजाला भरीव आणि बोटाला आयता थांबा देणारी. पण शेजारची तार वाजत असेल तर ती बंद पडते. तिथे दुसरी पद्धत लागते. बोट तार सोडल्याबरोबर थोडं वर वळतं आणि शेजारच्या तारेला न शिवता निघून जातं. सुरुवात पहिल्या पद्धतीने करावी आणि दोन-तीन महिन्यांनी दुसरी जोडावी.

पहिली तार हा वेगळाच प्रसंग. तिच्या खाली दुसरी तार नाही, फिंगरबोर्डची कड आहे. जोरात ओढलं तर तार कडेवरून घसरते आणि स्वर मरतो. त्यामुळे पहिल्या तारेवरचे उतरते स्लर इतर तारांपेक्षा हलक्या हाताने घ्यावे लागतात.

लय आधी बिघडते

स्लर ऐकू येऊ लागले की शिकणारा खूश होतो, पण तोवर लय हातातून गेलेली असते. दुसरा स्वर जवळजवळ नेहमीच लवकर येतो. बोटाला पडायची घाई असते, आणि डाव्या हाताला उजव्यासारखी लय सांभाळायची सवय नसते. दोन समान स्वर न वाजता पहिला आखूड आणि दुसरा लांब वाजतो.

यावर साधा उपाय आहे. मेट्रोनोम मिनिटाला ६० वर लावायचा आणि एका ठोक्यात दोन स्वर घ्यायचे. आधी दोन्ही स्वर उजव्या हाताने छेडून, मग तेच स्लरने. मोबाइलवर दोन्ही रेकॉर्ड करून डोळे मिटून ऐकायचं. लय दोन्हीकडे तंतोतंत सारखी वाटली पाहिजे. आवाज थोडा कमी-जास्त झाला तरी बिघडत नाही, कारण जोडलेला स्वर किंचित मऊ असणं हाच स्लरचा स्वभाव आहे. तीन स्वरांच्या स्लरला तोंडाने 'तकिट' म्हणावं, चारला 'तकधिमि'. पहिलं अक्षर उजव्या हाताचं, बाकीची डाव्याची. बोल स्पष्ट निघतात त्या गतीपेक्षा बोटं पळवू नयेत. तबला-पखवाजाच्या बोलांवर वाढलेल्या कानाला मेट्रोनोमपेक्षा हे लवकर लागू पडतं.

अनामिका आणि करंगळी

तळहात टेबलावर पालथा ठेवून मधलं बोट आत दुमडायचं आणि अनामिका उचलून बघायची. ती जवळजवळ उचलतच नाही. हा कमकुवतपणा नाही. बोटं उचलणाऱ्या स्नायुरज्जू हाताच्या पाठीवर एकमेकींना जोडलेल्या असतात आणि अनामिका त्यात सगळ्यात जास्त अडकलेली असते. त्यामुळे अनामिका आणि करंगळी यांच्यातला स्लर सर्वांनाच जड जातो, उत्तम वादकांनाही त्यासाठी वेगळी मेहनत घ्यावी लागते.

सरावाला बोटांच्या सहा जोड्या होतात. तर्जनी १, मधलं बोट २, अनामिका ३ आणि करंगळी ४ धरली, तर १-२, २-३, ३-४, १-३, २-४ आणि १-४. सुरुवात १-२ आणि १-३ ने करावी. पाचव्या फ्रेटच्या आसपास सराव करणं सोयीचं, कारण तिथे फ्रेटमधली अंतरं कमी असतात. पहिल्या फ्रेटजवळ तार जास्त ताठ लागते, त्यामुळे तिथे शेवटी जावं. ३-४ ला एका वेळी एक मिनिटापेक्षा जास्त ताणू नये. सगळा स्लरचा सराव मिळून दिवसाला दहा मिनिटं पुरे, तीही हात गरम झाल्यावर आणि दोन तुकड्यांत.

अंगठा मानेच्या मागे साधारण मधल्या बोटासमोर असावा आणि त्याने चिमटा काढू नये. याची परीक्षा घरच्या घरी होते. उजव्या हाताने गिटार अंगाशी धरून ठेवायची, डावा अंगठा मानेवरून काढायचा आणि सावकाश चार स्लर घ्यायचे. तेवढ्यावरही स्वर निघत असतील तर जोर योग्य आहे. अंगठ्याशिवाय काहीच वाजत नसेल, तर आतापर्यंतचे स्लर चिमटीच्या ताकदीवर चालले होते.

दुखण्याच्या बाबतीत 'सवय होईल' हा सल्ला अर्धाच खरा आहे. बोटांच्या टोकांची आग आणि पुढे पडणारे घट्टे यांची सवय होते. दंडापुढच्या स्नायूंचा थकवा विश्रांतीने जातो. पण मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी टोचणारी कळ, बोटांत मुंग्या, बधिरपणा, किंवा दुसऱ्या दिवशीही राहिलेलं दुखणं असेल तर वादन बंद करून डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवावं. घट्टे वाढवून यातलं काहीच बरं होत नाही.

दोष कधी कधी गिटारचाच

दुकानात 'गिटार' मागितली की बहुधा स्टीलच्या तारांची मिळते. तिची मान अरुंद आणि सहा तारांचा एकूण ताण ७० किलोच्या आसपास असतो. क्लासिकल गिटारच्या नायलॉन तारांचा ताण साधारण ४० किलो. स्टीलच्या तारांवर उतरते स्लर शिकताना बोट सोलवटून निघतं आणि मग 'आपल्याला जमत नाही' असा समज होतो. नायलॉनच्या गिटारला मात्र चुकूनही स्टीलच्या तारा लावू नयेत, ब्रिज उखडू शकतो.

तारांची फिंगरबोर्डपासूनची उंचीही बघावी. बाराव्या फ्रेटवर पातळ तारेखाली साधारण ३ आणि जाड तारेखाली ४ मिलिमीटर अंतर नेहमीचं. त्याहून बरंच जास्त असेल तर स्लर जड जाणारच. पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवरच अडत असेल तर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून तोच स्लर घ्यावा. एकदम सोपा झाला तर नटमधल्या खाचा उथळ आहेत. हे काम जाणकार कारागिराकडूनच करून घ्यावं, कारण खाच जास्त खोल गेली तर नट बदलावा लागतो.

यवतमाळच्या हवेत हा प्रश्न ऋतूप्रमाणे बदलतो. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर आणि हवा कोरडी. लाकूड आकसतं, पुढची फळी किंचित खाली बसते, तारा खाली येऊन खरखरतात आणि फ्रेटच्या पट्ट्यांची टोकं कडेला हाताला टोचू लागतात. पावसाळ्यात उलट, फळी फुगते आणि तारा वर जातात. जूनपर्यंत सहज निघणारा स्लर ऑगस्टमध्ये अडखळला, तर हात बिघडला असं लगेच समजू नये. त्यात विदर्भातला कूलर. त्याच्या ओल्या झोतासमोर गिटार ठेवली की लाकूड रात्रभर पाणी शोषतं आणि कूलर बंद झाल्यावर दुपारी पुन्हा सुकतं. ही रोजची ओढाताण नुसत्या कोरड्या हवेपेक्षा वाईट. वाजवून झालं की गिटार केसमध्ये बंद करावी. उन्हाळ्यात केसमध्ये भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला, पण पिळून घेतलेला स्पंज ठेवावा. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान राहिली तर उत्तम. ती मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं.

काय वाजवावं

नुसत्या बोटांच्या कवायतीने कंटाळा येतो, आणि संगीतात स्लर कुठे शोभतो हेही त्यातून कळत नाही. इटालियन गिटारवादक माउरो जुलियानी यांच्या १८१२ च्या पहिल्या ओपसमध्ये उजव्या हाताचे १२० आर्पेजो प्रसिद्ध आहेत. त्याच पुस्तकाच्या पुढच्या भागात स्लर आणि अलंकारांचे छोटे पाठ आहेत, त्याकडे मात्र सहसा कुणी जात नाही. मातेओ कार्कासी यांच्या ओपस ६० मधल्या २५ अभ्यासांत स्लरचे सुरेल नमुने सापडतात आणि दोन वर्षं वाजवणाऱ्याला ते झेपतात. आंद्रेस सेगोविया यांनी स्लरच्या व्यायामांची छोटी पुस्तिकाच काढली होती. ती कोरडी आहे, पण ३-४ च्या जोडीला दुसरा इतका नेमका उपाय क्वचितच मिळेल. स्कॉट टेनंट यांचं 'पंपिंग नायलॉन' (१९९५) आजही वापरात आहे.

जुन्या रचनांमध्ये स्लर बहुधा जोरकस मात्रेवरून हलक्या मात्रेकडे जातो. छेडलेला स्वर ठाम आणि जोडलेला मऊ, त्यामुळे मात्रा आपोआप नीट उमटते. स्वतःहून स्लर घालताना हा कल लक्षात ठेवावा. केवळ वेगाने वाजवता येत नाही म्हणून हलक्या मात्रेवरून जोरकस मात्रेवर स्लर घेतला, तर ओळ लंगडते.

ब्राझीलचे एतोर व्हिला-लोबोस यांनी १९२० च्या दशकात सेगोविया यांच्यासाठी लिहिलेल्या १२ अभ्यासांपैकी तिसरा जवळजवळ सगळा स्लरवर चालतो. तो बरीच वर्षं वाजवल्यानंतरचा आहे. पण स्लरने एखादी रचना कशी उभी राहते हे ऐकायला आजपासूनही हरकत नाही. त्यानंतर लगेच हलीम जाफर खाँ यांची एखादी द्रुत गत लावावी.